बंद दाराआडचं हसू

हॉलिवूडच्या जुन्या विनोदी चित्रपटांबद्दल एक समज पक्का रुजलाय: सेन्सॉरने हात बांधले म्हणून दिग्दर्शकांना आडून बोलण्याची कला साधली. ऐकायला झकास, पण तारखा काही वेगळंच सांगतात. जोसेफ ब्रीनच्या कार्यालयाने प्रॉडक्शन कोडचा, म्हणजे पडद्यावर काय चालेल हे ठरवणाऱ्या हॉलिवूडच्या नियमावलीचा, बडगा उगारला जुलै १९३४ मध्ये. फ्रँक काप्राचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ त्याच वर्षी फेब्रुवारीत लागला होता आणि अर्न्स्ट लुबिचचा ‘ट्रबल इन पॅरडाइज’ तर १९३२चा.

लुबिचचा तो जेवणाचा प्रसंग पाहावा. व्हेनिसमधलं बडं हॉटेल, एक ‘बॅरन’, एक ‘काउंटेस’, दोघंही अट्टल चोर. तुम्ही लुटारू आहात, असं ती त्याला सुनावते आणि त्याच दमात मीठ मागते. मग तिने मारलेलं पाकीट तो तिच्याकडून काढून घेतो, तिची पिन परत करतो. ती त्याचं घड्याळ काढून देते. पाच मिनिटं मागे होतं, ते तिने लावूनही ठेवलेलं असतं. शेवटी तिचा गार्टर त्याच्याकडे निघतो आणि बाई त्याच्या गळ्यातच पडतात! पुढचं सगळं बंद दाराआड. त्यात सक्ती कुणाचीच नव्हती, प्रेक्षकाला अक्कल असते एवढा भरवसा होता. उलट कोड कडक झाल्यावर याच चित्रपटाला पुन्हा प्रदर्शनाची परवानगी मिळाली नाही.

मग ही धार आली कुठून? माझ्या मते, बोलपटामुळे. स्टुडिओंना एकाएकी संवाद लिहिणारे हवे झाले आणि ते नाटकवाल्यांत नि वार्ताहरांत मिळाले. शिकागोत बातमीदारी केलेल्या बेन हेक्टने चार्ल्स मॅकआर्थरबरोबर ‘द फ्रंट पेज’ हे नाटक लिहिलं. हॉवर्ड हॉक्सने १९४० मध्ये त्यातल्या बातमीदाराची बाई केली, वर संपादकाची घटस्फोटित बायको! ‘हिज गर्ल फ्रायडे’त रोझलिंड रसेल आणि कॅरी ग्रँट एकमेकांची वाक्यं तोडत सुसाट बोलतात, आणि त्याच आवारात एक माणूस फाशीची वाट पाहत असतो. हा काटा असल्यामुळेच मला तो या काळातला सर्वांत उंच चित्रपट वाटतो.

काप्राच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ची गोष्ट आपल्याकडे ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१) होऊन आली. पळालेली श्रीमंत मुलगी आली, प्रवास आला; संवादांची झटापट मात्र आली नाही. ती जागा गाण्यांनी घेतली, आणि ‘चोरी चोरी’च्या संगीतकार शंकर-जयकिशनपुरती तरी माझी तक्रार नाही. खुद्द काप्रा पुढे प्रवचनाकडे झुकला.

या जुन्या चित्रपटांवर डागही आहेत. कृष्णवर्णीय नटाच्या वाट्याला बहुधा हमाल किंवा नोकर. ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’त (१९४०) जो तो उठून कॅथरिन हेपबर्नला तिचे दोष सांगतो, ते आज फार खटकतं.

याच पिढीतल्या पटकथाकार प्रेस्टन स्टर्जेसने दिग्दर्शन मिळावं म्हणून ‘द ग्रेट मॅकगिंटी’ची पटकथा दहा डॉलरला विकली, तिलाच ऑस्कर मिळालं; पण चारपाच वर्षांत त्याचा बहर ओसरला. टिकला बिली वाइल्डर. लुबिचने हे कसं केलं असतं, अशी पाटीच तो कचेरीत लावून असे. त्याचा ‘सम लाइक इट हॉट’ १९५९ मध्ये कोडच्या शिक्क्याविनाच लागला आणि धो धो चालला.