झारशाहीतला झार

वांद्रे स्टेशनावरची पाटी पुष्कळ वाचकांच्या पाहण्यातली असेल. मराठीत वांद्रे, हिंदीत बांद्रा आणि इंग्रजीत त्याच बांद्र्याचे साहेबी सोंग. गाव एकच, हाक मारणारा बदलला की नाव बदलते. या पाटीखाली लोकलची वाट पाहत असताना शेजारच्या गृहस्थांच्या हातातल्या वर्तमानपत्राचा मथळा वाचला : 'अधिकाऱ्यांची झारशाही'. एका वस्तीचे पाणी तोडल्याची बातमी होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात या शब्दाचा अर्थ विचारला. एक चिरंजीव उठून म्हणाले, "गुरुजी, झारीत बसून पाणी अडवणाऱ्या शुक्राचार्यांचे राज्य." वर्ग हसला. बळीच्या दानाच्या वेळी झारीच्या तोटीत बसून एक डोळा गमावणारे शुक्राचार्य त्याला ठाऊक होते, झार ठाऊक नव्हता. खरे सांगायचे तर पाणी तोडल्याच्या त्या बातमीला त्याचाच अर्थ अधिक शोभत होता.

झार म्हणजे मुळात रोमचा सीझर. माणसाचे नाव पुढे बादशहाची पदवी झाले आणि स्लाव लोकांनी ती उचलली. बल्गेरियाच्या सिमेऑनने दहाव्या शतकाच्या आरंभी ती घेतली, सर्बियाच्या दुशानने 1346 मध्ये आणि मॉस्कोच्या चौथ्या इव्हानने 1547 मध्ये. रशियन लोक त्याआधी कॉन्स्टंटिनोपलच्या बादशहालाही झार म्हणत आणि आपल्या मानगुटीवर बसलेल्या तातार खानालाही. पोलिश भाषेने मात्र दोन खण केले : कुठल्याही सम्राटाला 'त्सेसाश' आणि रशियाच्या सम्राटाला 'त्सार'. चेक लोकांचेही तसेच. त्यांचा आपला तो 'त्सीसारश', रशियनांचा तो 'त्सार'. शेजाऱ्याच्या घरातून एकच वस्तू दोनदा मागून आणावी आणि दोन निराळ्या फळ्यांवर ठेवावी, तसा हा प्रकार. बल्गेरियात 1946 पर्यंत राजाला त्सारच म्हणत. शेवटचा त्सार तेव्हा लहान मुलगा होता. तोच पुढे 2001 मध्ये निवडणूक जिंकून पंतप्रधान झाला! आणि सर्बियात आजही दोस्ताने फक्कड काम केले की त्याला 'त्सारे!' म्हणून शाबासकी देतात.

आम्ही मराठी माणसांनी हा पाहुणा तीनदा घरात घेतला. अरबी-फारसीच्या वाटेने आला तो कैसर. 1877 च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी 'कैसर-ए-हिंद' झाली. बॅलार्ड इस्टेटमधल्या एका इमारतीवर ते नाव राहिले आहे. त्या नावाचे पदक गांधीजींना 1915 मध्ये मिळाले आणि 1920 मध्ये त्यांनी ते परत केले. इंग्रजी नाटकांबरोबर आला तो सीझर. आणि रशियाच्या बातम्यांतून, इंग्रजीच्याच हातून, आला तो झार. तिघे एकाच आईचे, पण एकमेकांना ओळखत नाहीत.

यातली एक गोष्ट मला मास्तर म्हणून सलते. रशियन उच्चारातला पहिला वर्ण इंग्रजाच्या जिभेला अवघड, म्हणून त्याने तो सोपा केला. आम्हाला तो मुळीच अवघड नव्हता. गुरांना 'चारा' घालताना आम्ही जो च उच्चारतो, तोच तो! घरात नाणे असून आम्ही साहेबाकडून झिजलेले उसने आणले.

पण उच्चाराचे सोडून देऊ. माझी तक्रार अर्थाबद्दल आहे. 'शाही' हा प्रत्यय आमच्याकडे फार राबतो. लोकशाही, शिवशाही, हुकूमशाही, नोकरशाही. शाह म्हणजे राजा, तेव्हा झारशाहीत दोन राजे खुर्चीसाठी भांडत आहेत. असोत. प्रश्न असा की, पाणी तोडणाऱ्या अधिकाऱ्याला झार म्हटल्याने वाचकाला कळते काय? झार कोणाच्या कागदी नेमणुकीने गादीवर येत नसे आणि त्याला नियमाने काढायची सोय नव्हती. आमच्या अधिकाऱ्याची नेमणूक कागदावर असते, त्याच्यावर नियम असतात, त्याच्यावर वरिष्ठ असतो आणि त्या वरिष्ठावर आपण मत देऊन बसवलेले लोक असतात, निदान असावेत. मुंबईत 2022 च्या मार्चनंतर कित्येक वर्षे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार पाहत होता. त्या दिवसांत कोणी हा शब्द वापरला असता तर मी थोडा विचार केला असता. एरवी तो रागाला जागा करून देतो आणि चौकशीची वाट बंद करतो. झारापुढे अर्ज कोण करणार? त्याची बदली कोण मागणार?

'पेशवाई' या शब्दाचे पाहा. मिठाईच्या खोक्यावर तो थाट सांगतो. जोतीराव फुले वाचलेल्या माणसाच्या कानाला तो वेगळाच लागतो. तिथे निदान दोघांनाही ठाऊक असते की कोणाविषयी बोलणे चालले आहे. झाराविषयी आम्हाला तेही ठाऊक नाही.

संध्याकाळी ते वर्तमानपत्र विकत घेऊन बातमी पुरती वाचली. दोन रकाने होते. झारशाही चार वेळा आली होती. पाणी कोणत्या नियमाखाली तोडले, हुकमावर सही कोणाची आणि तक्रार कोणत्या कचेरीत करायची, हे कुठेच नव्हते.