मुलांच्या पुस्तकांत सेटलमेंट का नाही?

सोलापुरातल्या शाळकरी मुलाला चार हुतात्म्यांची नावं तोंडपाठ असतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी झाली, हे त्याला चौकातले पुतळे सांगतात, पुस्तकं सांगतात, दरवर्षीचा कार्यक्रमही सांगतो. त्याच शहरात सेटलमेंट नावाची वस्ती आहे. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण हे नाव सहज घेतो. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ मध्ये तो सुधारून देशभर लागू करण्याजोगा केला, आणि पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींची कुटुंबं सोलापुरात तारेच्या कुंपणाआड आणून ठेवली; तीच ही सेटलमेंट. माणसानं काही केलेलं असो वा नसो, त्या जातीत जन्मला म्हणून त्याच्या नावाची हजेरी लागे. कुंपणातली माणसं इथल्या गिरण्यांत राबली. १८९७ च्या दुरुस्तीनं तर चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. दहा-बारा वर्षांच्या वाचकाला जवळची वाटावी अशी ही गोष्ट आहे, कारण ती त्याच्याच वयाच्या मुलांची आहे. पण ती सांगणारं पुस्तक मराठी बालसाहित्यात हाती लागत नाही. आपलं बालसाहित्य आदिवासींबद्दल आणि भटक्या-विमुक्तांबद्दल बोलतं, मात्र या देशाच्या कायद्यानं त्यांचं काय केलं याबद्दल बोलत नाही. ही उणीव वरवरची नाही. तिनं पुस्तकांचा घाटच ठरवून टाकला आहे.

वीरचरित्रांपासून सुरुवात करू, कारण संख्येनं तीच जास्त. बिरसा मुंडा, तंट्या भिल्ल, राघोजी भांगरे, उमाजी नाईक यांची छोटी चरित्रं मुलांसाठी निघत आली आहेत, आणि २०२१ पासून १५ नोव्हेंबर हा जनजातीय गौरव दिन झाल्यावर बिरसांच्या पुस्तिकांना आणखी मागणी आली. ही चरित्रं हवीतच. अडचण आहे ती त्यांच्या शेवटाची. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात उमाजी नाईक फासावर गेले की पुस्तक संपतं. ज्या रामोशी समाजातून ते आले, त्याच समाजाला पुढे गुन्हेगार जमातीच्या कायद्याखाली पोलिसांकडे हजेरी द्यावी लागली, हे त्यात येत नाही. नायकाला राष्ट्राच्या मालिकेत मानाची जागा मिळते आणि त्याची माणसं पानाबाहेर राहतात. मुलाची समजूत अशी होते की अन्याय परक्यानं केला, वीर लढला, स्वातंत्र्य आलं आणि प्रश्न मिटला. प्रत्यक्षात तो कायदा देशपातळीवर ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं सोळा दिवसांनी. नंतर सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा. विमुक्त म्हटलेल्या वस्त्यांवरची पोलिसांची नजर त्यानंतरही हटली नाही.

दुसरा प्रकार रानाचा आणि चित्रांचा. इथे खरोखर सुंदर काम झालं आहे. तारा बुक्सनं वारली चित्रकारांना सोबत घेऊन केलेलं ‘डू!’ किंवा गोंड चित्रकार भज्जू श्याम यांचं ‘द लंडन जंगल बुक’ (२००४) यांत आदिवासी कलावंत स्वतः पुस्तकाचा कर्ता आहे, आणि भज्जू श्याम तर लंडनकडेच आपल्या नजरेनं पाहतात. मराठीत मारुती चितमपल्लींनी रानावर जे लिहिलं त्याचा मोठा वाचक किशोरवयातला आहे. १९३२ मध्ये सोलापुरात जन्मलेला आणि २०२५ मध्ये याच शहरात देह ठेवलेला हा लेखक आदिवासींकडून पक्ष्यांची नावं आणि रानाच्या खुणा शिकला. त्यांच्या लेखनात आदिवासी माणूस जाणकार आहे, दयेचा विषय नाही, आणि हे ऋण मोठं आहे. तरीही एखादा अपवाद सोडला तर या पुस्तकांतला आदिवासी रानातच भेटतो. एस.टी. स्टँडवर, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या टोळीत किंवा वर्गाच्या शेवटच्या बाकावर तो भेटत नाही, आणि सोलापूरच्या मुलाला तर तो तिथेच दिसतो.

साहित्यात हे बालपण आलेलंच नाही असं म्हणता येत नाही. ते मोठ्यांच्या पुस्तकांत भरभरून आलं आहे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारं कैकाडी कुटुंब आणि पोराला शाळेत घालण्याचा बापाचा हट्ट आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त (१९८७) एक प्रसंग आहे. लहानगा लक्ष्मण शाळेत जाऊ लागतो आणि त्याच सुमारास गावातल्या पोरांना हगवण-उलट्या लागतात. गाव म्हणतं, याच्या जातीचं पोर शाळेत बसलं म्हणून हे झालं. शाळेत जाणाऱ्या कोणत्याही मुलाला हे वाचून जे कळेल ते समतेवरच्या दहा धड्यांतून कळणार नाही. पडद्यावर ही हिंमत नागराज मंजुळे यांनी केली, आणि ते याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. ‘फँड्री’त (२०१३) जब्या या शाळकरी मुलाचं कुटुंब डुकरामागे धावत असतं. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुक्कर समोरून निघून जातं. या काही क्षणांत राष्ट्राचा मान आहे, तो मान राखणारं कैकाडी कुटुंब आहे, आणि त्या मानाची किंमत त्यांनाच मोजावी लागते हेही आहे. कोणावर राग काढलेला नाही, भाषण नाही. मुलांच्या पुस्तकाला या विषयाशी कसं बोलता येईल याचा इतका नेमका नमुना मराठीत दुसरा सापडणं कठीण.

यावर पहिला आक्षेप वयाचा येतो: एवढ्या कोवळ्या मनावर हे ओझं कशाला? पण त्याच मनाला आपण फाशीच्या कथा सांगतोच. अ‍ॅन फ्रँकची डायरी मराठीत आहे आणि पालक ती हौसेनं वाचायला देतात. दुःख परक्या देशाचं असलं की वय आड येत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो झटकून चालणार नाही. वर्गात एक पारधी मुलगी बसली आहे आणि बाई पुस्तक वाचून दाखवताहेत. ‘गुन्हेगार जमात’ हे शब्द आले की चाळीस माना तिच्याकडे वळतील. ही भीती खरी आहे. पण पुस्तक नसल्यानं ती मुलगी वाचते का? तिच्याबद्दल जे बोललं जातं ते घराघरांतून वर्गात आधीच आलेलं असतं, आणि त्याला खोडून काढणारं छापील अक्षर मात्र तिथे नसतं. म्हणून प्रश्न लिहावं की नाही हा नसून कसं लिहावं हा आहे. ‘हे लोक पूर्वी चोऱ्या करत, आता सुधारले’ अशा चालीचं पुस्तक नसलेलंच बरं, कारण त्यात कायद्याचा आरोप खरा मानून सुधारणेचं कौतुक होतं. कॅनडानं आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांचा इतिहास चौकशी आयोगापुढे मांडला, आणि आयोगाचा अंतिम अहवाल आल्यावर वर्षभरात, २०१६ मध्ये, डेव्हिड रॉबर्टसन आणि चित्रकार ज्यूली फ्लेट यांचं ‘व्हेन वी वेअर अलोन’ आलं. नात विचारते, आजी, तू केस इतके लांब का ठेवतेस, रंगीत कपडे का घालतेस? शाळेत केस कापले होते, सगळ्यांना एकसारखे कपडे होते, म्हणून आता, असं आजी सांगते. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठीचं हे पुस्तक आहे. त्यात दोष कुणाचा याबद्दल संदिग्धता नाही आणि आजीची मान कुठेच खाली जात नाही.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा: आदिवासी वेगळे, विमुक्त वेगळे, त्यांची सरमिसळ करू नका. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे. पण या रेषा कशा पडल्या हेही मुलांना कळायला हवं. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आणि सोलापुरात विमुक्त जातीत येतात. लमाण कुटुंब अक्कलकोटहून सीमा ओलांडून कर्नाटकात गेलं की विमुक्ताचं अनुसूचित जातीचं होतं, आणि तेलंगणात त्याच समाजाची गणना अनुसूचित जमातीत होते. माणसं तीच, बोली तीच, बदलते ती सरकारी यादी. नागरिकशास्त्रात राज्यघटना शिकणाऱ्या आठवीच्या मुलाला यापेक्षा चांगलं उदाहरण कोणतं मिळणार?

राहिला लेखकाचा प्रश्न. बाहेरच्यानं कणव घेऊन लिहिलेल्या पुस्तकांची आपल्याकडे कमी नाही, आणि त्यात कार्यकर्ताच नायक होतो. हे पुस्तक त्या समाजांत वाढलेल्या लेखकानंच लिहावं, त्यात घरातली बोली असावी, आणि ‘किशोर’सारख्या मासिकानं किंवा बालभारतीनं ते मागून घ्यावं. बालभारती १९६७ पासून आणि ‘किशोर’ १९७१ पासून महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलेलं आहे. तेवढी पोच दुसऱ्या कुणाकडे नाही. राष्ट्रीय विमुक्त-भटके आयोगाचे अध्यक्ष राहिलेले बाळकृष्ण रेणके सोलापूरचेच, आणि २००८ चा त्यांचा अहवाल हा अशा लेखकासाठी भक्कम आधार आहे. पण अहवालात कुंपणाच्या आतलं लहानपण नसतं, ते माणसांकडे असतं. १९५२ मध्ये दहा वर्षांचं असलेलं माणूस आज ऐंशीच्या पुढे आहे, आणि त्याच्याशी बोलून लिहायचं काम पुढच्या पिढीवर ढकलता येण्यासारखं नाही.