‘मत्स्य’ वर्गातले शेजारी

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात (२०१८) रोहू आणि शार्क ‘मत्स्य’ या एकाच वर्गात बसवले आहेत. ओळख पटवण्यास ही मांडणी सोयीची. पण नाते सांगताना ती फसवते. कोल्हापूरच्या मासळीबाजारातला रोहू आणि कोकणातून येणारी मोरी, म्हणजे लहान शार्क, चिरून पाहा. रोहूत हवेने भरलेला वाताशय दिसेल, मोरीत नाही. या वाताशयाचे आणि आपल्या फुफ्फुसांचे मूळ एकच! मोरीची शाखा आधी फुटली. रोहूचे व आपले पूर्वज त्यानंतरही एकच होते. चीनमधील सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीचा ‘गुइयू’ हा जीवाश्म मासा आपल्याच फांदीवरचा. तेव्हा वर्गांच्या तक्त्याशेजारी शिक्षकांनी फळ्यावर वंशवृक्षही काढावा, असे आम्हांला वाटते.