एका मठ्ठ यंत्राची बाजू

आपल्याकडे समीक्षा करायची ती नाटकांची, पुस्तकांची आणि दुसऱ्याच्या सुनेच्या स्वयंपाकाची. घरात आणलेल्या यंत्राची समीक्षा कोणी करत नाही. त्याची फक्त किंमत सांगतात. शेजाऱ्याने विचारली तर थोडी वाढवून, आणि उसने मागायची सवय असलेल्या मेव्हण्याने विचारली तर थोडी कमी करून. वास्तविक मध्यमवर्गीय माणसाचा नाटकाशी संबंध येतो वर्षातून दोनदा. पुस्तकाशी येतो तो वाढदिवसाला कोणी भेट दिलं तर. यंत्राशी मात्र सकाळी डोळे उघडल्यापासून. तेव्हा ही उणीव आपणच भरून काढावी असं मी ठरवलं. माझी पात्रता विचाराल तर मी बँकेत कारकून आहे. गेली वीस-बावीस वर्षं दुसऱ्याने लिहिलेल्या आकड्यावर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो.

सुरुवात मतदान यंत्रापासून करतो, कारण सगळ्यात जास्त शिव्या त्याच बिचाऱ्याने खाल्ल्या आहेत.

२०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेचा निकाल लागला आणि आमच्या कँटीनमध्ये दोन तट पडले. हरलेल्या बाजूची मंडळी म्हणाली, "यंत्रात घोटाळा आहे." हीच मंडळी त्याच वर्षी जूनमध्ये लोकसभेच्या राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा जिंकली होती, तेव्हा यंत्र ठणठणीत होतं. जिंकलेली बाजू आता यंत्राचे गोडवे गात होती, पण २००९ साली ती लोकसभेला हरली तेव्हा तिच्यातल्याही काहींना याच यंत्राच्या पोटात काळंबेरं दिसलं होतं. म्हणजे यंत्र बिघडतं ते नेहमी हरणाऱ्याच्या वेळी. आमच्या बँकेतही खात्यात जास्त पैसे जमा झाल्याची तक्रार घेऊन कोणी आल्याचं मला आठवत नाही.

थट्टा बाजूला ठेवू. संशय घेणं वाईट नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या लोकांना आपल्या गावातला आकडा पटेना, तेव्हा डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी गावापुरतं पुन्हा, कागदी मतपत्रिकांवर मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि तो बेत रद्द झाला. आपला हिशेब आपण पुन्हा मोजून बघावा असं वाटणाऱ्या माणसाबद्दल मला, एक कारकून म्हणून, आदरच वाटतो. कॅश जुळली नाही तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसतो.

पण यंत्राकडे जरा नीट बघा. केरळातल्या परूर मतदारसंघात १९८२ साली ते पहिल्यांदा वापरलं. तसा कायदाच नाही म्हणून सुप्रीम कोर्टाने १९८४ साली ते मतदान रद्द ठरवलं. मग कायदा झाला, आणि २००४ साली अख्खी लोकसभा यंत्रावर निवडून आली. इतकी वर्षं झाली तरी गडी सुधारला नाही. त्याला इंटरनेट नाही, रंगीत पडदा नाही. वीज गेली तरी बॅटरीवर चालतं. ते तुमचं नाव विचारत नाही, वाढदिवसाला शुभेच्छा देत नाही. बटण दाबलं की "पीं" करतं आणि गप्प बसतं. मतदान सुरू होण्यापूर्वी उमेदवारांच्या एजंटांसमोर त्याच्यावर किमान ५० मतं टाकून त्याची परीक्षा घेतात आणि ती मतं पुसून टाकतात. रोज कामाला लागण्याआधी परीक्षा द्यायची म्हटलं तर आमच्या शाखेत किती जण पास होतील, मी सांगत नाही.

शिवाय आता शेजारी कागदाची पट्टी दाखवणारी पेटी असते. पट्टी काचेमागे सात सेकंद दिसते आणि आत पडते. आमच्या भाषेत ते व्हाउचर. यंत्रातला आकडा म्हणजे लेजर, आणि व्हाउचरशी टिक केल्याशिवाय लेजर खरं मानायचं नसतं. मात्र प्रत्येक विधानसभा मतदारसंघात फक्त पाच यंत्रांच्या पट्ट्या मोजतात, त्याही चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या. सगळ्याच पट्ट्या यंत्राशी ताडून पाहा, ही मागणी सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली. आमचे ऑडिटरही सगळी खाती तपासत नाहीत. कोणती तपासणार हे आधी ठाऊक नसतं म्हणून आम्ही सगळीच नीट ठेवतो. तरीही माझं मत विचाराल तर पाच हा आकडा कंजूष आहे. लग्नात आहेराची पाकिटं मोजायला आपण याहून जास्त माणसं बसवतो. तेवढी एक त्रुटी सोडली तर यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. मठ्ठ आहे, पण मठ्ठपणात एक सभ्यता असते.

मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. कँटीनमध्ये यंत्रावर तावातावाने बोलणाऱ्या सहकाऱ्याला मी विचारलं, "हे तुम्हाला कुठे कळलं?" तो म्हणाला, "व्हॉट्सअॅपवर आलंय." जे यंत्र पाच वर्षांतून एकदा सात सेकंदांसाठी समोर येतं त्याची उलटतपासणी, आणि जे रात्री उशाशी घेऊन झोपतो त्याच्यावर भाबडा विश्वास!

तेव्हा आता घरातल्या हुशार यंत्रांकडे वळू. गेल्या वर्षी आमच्याकडे स्मार्ट टीव्ही आला. पहिल्यांदा लावला तेव्हा त्याने चित्र दाखवण्याआधी एकामागून एक अटी दाखवल्या आणि प्रत्येकीखाली "मान्य आहे" असं बटण. "मान्य नाही" हे बटण मी चष्मा लावून शोधलं. आमच्या बँकेतही कर्जदार कागद वाचत नाही, पण निदान सही करताना चेहरा तरी गंभीर करतो. चिरंजिवांनी भेळेचा घास घेत घेत सगळं मान्य करून टाकलं. काय मान्य केलं ते बँकवाल्याच्या घरातसुद्धा कोणाला माहीत नाही. अमेरिकेत मात्र एकदा कळलं. व्हिझिओ नावाच्या टीव्ही कंपनीचे सुमारे १ कोटी १० लाख संच, घरातले लोक काय बघतात याची नोंद न विचारता कंपनीला कळवत होते. २०१७ साली कंपनीने २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. भागून बघा. संचामागे वीस सेंट. आम्ही चेक परत गेल्याचा दंड यापेक्षा जास्त लावतो.

पूर्वीचा टीव्ही तसा साधा होता. मुंबईला दूरदर्शन आलं १९७२ च्या २ ऑक्टोबरला. आपण त्याला बघायचं, तो आपल्याला बघत नसे. खोटं तोही बोलायचा, नाही असं नाही. पण सगळ्यांशी एकच खोटं बोलायचा. १९७७ च्या निवडणुकीतली हकिकत अण्णांकडून, म्हणजे आमच्या वडिलांकडून, मी पुष्कळदा ऐकली आहे. ६ फेब्रुवारी १९७७, रविवार. दिल्लीला रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि नुकतेच काँग्रेस सोडून आलेले बाबू जगजीवनराम यांची सभा. माणसं घरीच बसावीत म्हणून दूरदर्शनने त्याच संध्याकाळी राज कपूरचा 'बॉबी' लावला. चार वर्षांपूर्वीचा तुफान चाललेला सिनेमा, तोही फुकट! तरी लोक पायी पायी सभेला गेले आणि मैदान भरलं. वर्तमानपत्रांनी, बाबूंनी बॉबीला हरवलं म्हणून मथळे दिले.

अण्णा ही गोष्ट लोकांच्या शहाणपणाची म्हणून सांगतात. मला ती टीव्हीच्या बावळटपणाची वाटते. एकच वाहिनी, एकच सिनेमा. तेव्हा डाव काय आहे हे पानवाल्यालासुद्धा कळत होतं. डिंपल कपाडियाकडे बघताना प्रेक्षकाला पक्कं ठाऊक होतं की आपल्याला कशापासून दूर ठेवलं जातंय. आज 'बॉबी' लावायची गरजच नाही. ज्याला जो सिनेमा आवडतो तो त्याच्या खिशात चालू असतो, आणि सभा केव्हा होती हे दुसऱ्या दिवशीही कळत नाही.

यंत्राने निवडणूक जिंकता येते असं मात्र मी म्हणत नाही. २००४ साली घरोघर फोन वाजला, आणि उचलला की खुद्द अटलबिहारी वाजपेयींचा आवाज. लोकांनी कौतुकाने ऐकलं, शेजाऱ्यांना सांगितलं आणि सरकार पाडलं. २०२४ च्या जानेवारीत तमिळनाडूत, २०१८ साली निवर्तलेले करुणानिधी संगणकाच्या कृपेने पडद्यावर येऊन बोलले. आमच्याकडे पेन्शनरला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. पुढाऱ्यांना ती अट नाही.

एक्झिट पोलचीही समीक्षा व्हायला हवी, पण करमणूक म्हणून. कारण तो तसाच दाखवतात. १ जून २०२४ ला संध्याकाळी तो कार्यक्रम आमच्याकडे सहकुटुंब पाहिला. बऱ्याच जणांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर नेलं, काहींनी चारशेपर्यंत. ३ जूनला सेन्सेक्स सुमारे २,५०० अंकांनी चढला. ४ जूनला खरी मोजणी झाली, आघाडीच्या जागा निघाल्या २९३ आणि सेन्सेक्स सुमारे ४,३९० अंकांनी कोसळला. मठ्ठ यंत्राने एका दिवसात जे सांगितलं त्याच्या आधी हुशार यंत्रांनी तीन दिवस आमची करमणूक केली. या करमणुकीचं तिकीट किती पडलं ते ज्यांनी ३ तारखेला शेअर घेतले त्यांना विचारा.

आता मोबाइल. यंत्राची तपासणी एजंटांसमोर होते, तर मोबाइलची का नको, म्हणून गेल्या विधानसभेच्या आधी एका रात्री जेवणानंतर मी घरातले पाचही मोबाइल टेबलावर मांडले आणि आमच्या मतदारसंघातला एक उमेदवार कोणाला कसा दिसतो ते पाहिलं. अण्णांच्या मोबाइलवर तो सोवळं नेसून आरती करत होता. आईच्या मोबाइलवर एका म्हातारीच्या पाया पडत होता. आमच्या हिच्या मोबाइलवर बचत गटाच्या बायकांत बसून पापड लाटत होता, आणि ही म्हणाली त्याप्रमाणे पापड चांगला गोल होता. चिरंजिवांच्या मोबाइलवर तो ढोलताशाच्या तालावर हळूहळू मोटारीतून उतरत होता. उतरतच होता. आणि माझ्या मोबाइलवर बँक कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा का मिळायला हवा ते कळवळून सांगत होता. माणूस मला एकदम अभ्यासू वाटला.

आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं. त्याबद्दल तो पाचांपैकी एकाही मोबाइलवर बोलत नव्हता. कसा बोलेल? पाणी आम्हाला सगळ्यांना एकाच टाकीतून येतं.

मैदानातल्या सभेत असं चालत नसे. कांदा पिकवणारा आणि कांदा विकत घेणारा शेजारीशेजारी सतरंजीवर बसलेले असत. एकाला भाव चढवण्याचं आणि दुसऱ्याला उतरवण्याचं आश्वासन एकाच श्वासात द्यायला वक्ता बिचकायचा. दिलंच तर मागून कोणीतरी ओरडायचं. आता दोघांना दोन पडदे आहेत, आणि ओरडायला मागे कोणी नाही. मतदान संपण्याआधी ४८ तास प्रचार बंद ठेवायचा नियम आहे, तोही सतरंज्या गुंडाळण्यापुरता उरला. मोबाइल कोण गुंडाळणार?

याचा सगळ्यात मोठा फटका बसला तो अण्णांना आणि वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना. दोघांचे पक्ष वेगळे. चाळीस वर्षं हे दोघे गेटजवळच्या बाकावर एकाच वर्तमानपत्रावरून भांडत आले. भांडताना दोघांच्या हातात एकच पान असायचं, त्यामुळे आकडे तरी तेच असत. गेली तीन-चार वर्षं दोघं त्याच बाकावर, कानात बोंडं घालून, आपापल्या मोबाइलवर आपापल्या पक्षाचा विजय बघत बसतात. भांडण नाही. सोसायटीत सगळ्यांना वाटतं, वयोमानाने शांत झाले. हिला मात्र ते बरं दिसेना. "अण्णा हल्ली जेवत नाहीत नीट," ती म्हणाली. "पूर्वी मास्तरांशी भांडून आले की दोन पोळ्या जास्त खायचे."

टेबलावरच्या तपासणीनंतर मला कल्पना सुचली. मी दोघांना एका संध्याकाळपुरते मोबाइल बदलायला लावले. दोघांनी आधी का-कू केली. मास्तर म्हणाले, खाजगी असतं. अण्णा म्हणाले, मास्तरांचं खाजगी म्हणजे फक्त मूळव्याधीची औषधं, ती मला तोंडपाठ आहेत. पंधरा मिनिटांत बाकावरून आवाज चढला. अर्ध्या तासात सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले, कारण त्यांना वाटलं पार्किंगवरून काही झालं. "हे असलं बघता तुम्ही? आणि खरं मानता?" असं दोघंही एकमेकांना एकाच वेळी विचारत होते. हिने चहा नेऊन दिला, तो तसाच गार झाला. रात्री अण्णा दोन पोळ्या जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर मोबाइल परत न्यायला आले. अण्णांनी दिला नाही. म्हणाले, "थांबा हो तासभर. तुमचे ते लोक आणखी काय काय बरळतात ते पुरतं बघून घेतो, मग येतो खाली."

"या," मास्तर म्हणाले. "मीही तुमचं अजून संपवलेलं नाही. तेवढा चार्जर द्या."