‘मोकळी झाली’ : सिझेरियन प्रसूती, ‘मॅकबेथ’ आणि ‘शाहनामा’

प्रस्तावना :

प्रसूतीची वार्ता आली की ‘बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना?’ या विचारणेपाठोपाठ मराठी घरांत दुसरा प्रश्न येतो : ‘नॉर्मल की सिझर?’ वरवर माहितीसाठी विचारलेल्या या प्रश्नात एक निवाडा दडलेला असतो. उत्तर ‘सिझर’ असे मिळाले की ‘हल्लीच्या मुलींना कळा सोसवत नाहीत’ येथपासून ‘कळा दिल्याशिवाय आईपण काय कळणार?’ येथपर्यंतची शेरेबाजी सुरू होते. पोटावर टाके असलेल्या स्त्रीच्या मातृत्वातून काहीतरी वजा करण्याची ही वृत्ती कोठून येते, याचा शोध केवळ वैद्यकशास्त्रात लागत नाही. जन्माच्या कथा समाज कशा सांगतो हेही पाहावे लागते. त्या दृष्टीने शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ आणि फिरदौसीचा ‘शाहनामा’ या दोन कृतींतील शस्त्रजन्माचे प्रसंग तुलनेने पाहण्यासारखे आहेत.

‘मॅकबेथ’ : नाहीशी झालेली माता

सुमारे १६०६ मध्ये लिहिले गेलेले हे नाटक वि. वा. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मुळे (१९५४) मराठी वाचक-प्रेक्षकांनाही परिचित आहे. स्त्रीच्या पोटी जन्मलेला कोणीही आपणांस इजा करू शकणार नाही, या भविष्यवाणीवर मॅकबेथ विसंबतो. अखेरच्या द्वंद्वात मॅकडफ उघड करतो, की त्याला आईच्या उदरातून अकाली, शस्त्राने ओढून काढण्यात आले होते. भविष्यवाणीतील पळवाट उघडते आणि मॅकबेथचा धीर खचतो.

या कलाटणीचा सारा भार एका गृहीतकावर आहे. शस्त्राने झालेला जन्म हा स्त्रीपासून झालेला जन्म नव्हे, असे प्रेक्षकाने क्षणभर तरी मान्य करावे लागते. भविष्यवाणीची भाषा मुळातच फसवी आहे आणि नाटककार तीच फसवणूक दाखवू इच्छितो, असा आक्षेप येथे संभवतो. तो रास्त आहे. तथापि फसवणूक पटण्यासाठी तिला प्रेक्षकांच्या समजुतीत आधार असावा लागतो. त्या काळी युरोपात ही शस्त्रक्रिया प्रामुख्याने मृत वा मरणोन्मुख स्त्रीवर होत असे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही माता मृत झाली असून गर्भ स्पंदत असेल, तर वैद्याने उदर छेदून त्यास बाहेर काढावे असे सांगितले आहे. शस्त्राचा प्रवेश म्हणजे मातेचे प्रस्थान, हे समीकरण त्या काळच्या वास्तवातून आले होते. मॅकडफच्या आईला नाटकात नाव नाही आणि तिचे पुढे काय झाले, हेही कळत नाही.

‘शाहनामा’ : शुद्धीवर येणारी माता

फिरदौसीने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘शाहनामा’त रुस्तमच्या जन्माची कथा आहे. गर्भ अतिशय मोठा असल्याने रूदाबा मरणप्राय होते. तिचा पती झाल सीमुर्ग या पक्ष्याचे पीस जाळून त्यास पाचारण करतो. सीमुर्ग उपाय सांगतो, तो असा : कुशल मोबेदाने, म्हणजे धर्मज्ञाने, रूदाबाला मद्य पाजून वेदना व भय यांपासून दूर न्यावे, कूस छेदून बालक काढावे, जखम शिवावी आणि तीवर औषधी वनस्पतीचा लेप लावावा. रूदाबाची आई सिंदुख्त तेथे अश्रू ढाळत असते. शस्त्रक्रियेनंतर रूदाबा दीर्घ काळ निद्रिस्त राहते. ती जागी होते तेव्हा सोने व रत्ने उधळली जातात. मुलाला पाहून ती हसते आणि आपण सुटलो, दुःख सरले, अशा अर्थाचे उद्गार काढते. सुटकेच्या त्या फारसी शब्दावरून मुलाचे नाव रुस्तम पडते, असे कवी सुचवितो.

येथे वीराचे नावच मातेच्या सुटकेतून आले आहे. ‘रुस्तुम-ए-हिंद’ हा किताब कोल्हापूरच्या तालमींना परिचित आहे. बळाची परिसीमा दर्शविणारे हे नाव ज्या वीराचे आहे तो शस्त्रक्रियेनेच जन्मला, हे ध्यानात घेतल्यास ‘सिझरची मुले नाजूक’ या समजुतीचा फोलपणा दिसून येतो.

या कथेलाही मर्यादा आहे. रूदाबाच्या शरीराविषयीचा निर्णय झाल आणि सीमुर्ग घेतात. तिची संमती विचारल्याचा उल्लेख येत नाही.

भाषा आणि वर्तमान

१८८२ मध्ये माक्स झेंगर यांनी गर्भाशय शिवण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. पुढे जंतुनाशन, भूल, रक्तसंक्रमण व प्रतिजैविके यांमुळे ही शस्त्रक्रिया मातेचे प्राण वाचविणारी ठरली. वास्तव पालटले, परंतु जुनी समजूत मागे उरली.

दुसरीकडे शस्त्रक्रियांच्या वाढत्या प्रमाणाची चिंता खोटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील हे प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २१.५ टक्के झाले. त्या वेळी सरकारी संस्थांत ते १४.३ टक्के, तर खासगी संस्थांत ४७.४ टक्के होते. लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे गेल्यास माता-बालमृत्यू आणखी घटल्याचे आढळत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये नमूद केले. मात्र ठरावीक टक्केवारी गाठण्यापेक्षा गरजू स्त्रीला ही शस्त्रक्रिया मिळावी यासाठी प्रयत्न व्हावेत, असेही त्याच निवेदनात सांगितले आहे. सरकारी व खासगी यांतील ही तफावत स्त्रियांच्या सोशिकतेतील फरकाने स्पष्ट होत नाही. तिचा जाब व्यवस्थेला विचारावयास हवा. प्रत्यक्षात तो बाळंतिणीच्या खाटेपाशी विचारला जातो.

‘नॉर्मल’ हा शब्द उरलेल्या प्रसूतींना आपोआप विकृतीच्या रांगेत बसवितो. मराठीची जुनी शब्दकळा याहून उदार आहे. ‘बाई मोकळी झाली’, ‘सुखरूप सुटका झाली’, ‘कूस उजवली’ या प्रयोगांत मार्गाची चौकशी नाही. पहिल्या दोहोंत केंद्रस्थानी स्त्री आहे, आणि रूदाबाच्या उद्गाराशी त्यांचे नाते उघड आहे.

समारोप :

‘मॅकबेथ’मधील शस्त्रजन्मात माता दिसेनाशी होते. ‘शाहनामा’त ती शुद्धीवर येऊन हसते, पण निर्णयात तिला स्थान नसते. आजच्या बाळंतिणीला पहिल्या कथेतील अभाव वाट्याला येऊ नये आणि दुसऱ्या कथेतील उणीवही भरून निघावी. त्यासाठी ‘नॉर्मल की सिझर?’ या प्रश्नाची जागा दोन प्रश्नांनी घ्यावयास हवी. ती सुखरूप मोकळी झाली का, हा बाळंतिणीच्या घरी विचारण्याचा प्रश्न. निर्णय घेताना तिला विचारले होते का, हा रुग्णालयाला विचारण्याचा.