उझी माशी आणि ‘ब्लडचाइल्ड’

परग्रहावरील जीवाची कल्पना करताना पाश्चात्त्य विज्ञानकथेने कीटकांच्या प्रजननाचा आधार वारंवार घेतला आहे. रिडली स्कॉट यांच्या ‘एलियन’ (1979) या चित्रपटातील जीव मनुष्यदेहात वाढतो व छाती फोडून बाहेर येतो. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘ब्लडचाइल्ड’ (1984) या कथेतील त्लिक जातीचे प्राणीही आपली अंडी मनुष्याच्याच देहात घालतात. या कथेमागे बॉटफ्लाय माशीविषयीची आपली भीती असल्याचे बटलर यांनी सांगितले आहे. साहजिकच परोपजीवी आणि आश्रयदाता या दोघांपुरतीच कथा वाचण्याकडे वाचकाचा कल होतो. हे वाचन अपुरे आहे.

का, ते परभणी जिल्ह्यातील एखाद्या रेशीम उत्पादकाच्या संगोपनगृहात ध्यानी येते. उझी माशी रेशीमकीटकाच्या त्वचेवर अंडे घालते. त्यातून निघालेली अळी त्वचा भेदून आत शिरते आणि प्रवेशाच्या जागी काळा डाग उरतो. आतून पोसलेली अळी कोषाला छिद्र पाडून बाहेर आली की त्या कोषाचा अखंड धागा निघत नाही. म्हणून खिडक्यांना जाळ्या लावतात. परंतु रेशीमकीटकाचा पतंग स्वतः बाहेर पडला तरी कोषाची हीच गत होते. सबब कोशित उष्णतेने आतच मारला जातो, आणि वंश चालविण्याची मुभा केवळ बीजकोषांना राहते. तात्पर्य, येथे पात्रे तीन आहेत : माशी, कीटक आणि तुतीचा पाला घालणारा संगोपक. परदेहाचा उपयोग करणारे मात्र दोघे.

बटलर यांनी या दोघांना एकाच देहात बसविले, हे त्यांच्या कथेचे खरे सामर्थ्य होय. त्लिक माशीप्रमाणे अंडी घालतात, आणि संगोपकाप्रमाणे माणसांना राखीव प्रदेशात सांभाळतात, आयुष्य वाढविणारी वांझ अंडी चाखवितात, स्त्रियांना मानवी अपत्यांसाठी मोकळे ठेवून अंड्यांकरिता बहुधा पुरुष निवडतात. लोमासच्या देहातून अळ्या काढणारी त’गटॉय क्रूर वाटत नाही. ती सराईत वाटते. ‘एलियन’मध्ये याचा मागमूस नाही. तेथे देहाबाहेर पडण्याचा क्षण आहे, देहात वाढण्याचा काळ जवळजवळ नाही.

ही गुलामगिरीची कथा नव्हे, असे बटलर आग्रहाने म्हणत. ते मान्य करण्यास एक आधार आहे. गॅन बेकायदेशीर बंदूक घरातच राहू देण्याची अट घालतो आणि त’गटॉय तो धोका पत्करते. माशी किंवा संगोपक, कोणाच्याही व्यवहारात याला जोड नाही. येथे कथा कीटकसृष्टी सोडून जाते. तथापि त्याच रात्री अंडे गॅनच्या देहात जाते, आणि त्याने नकार दिला असता तर ते त्याच्या बहिणीच्या देहात गेले असते.