एकशे एक टक्के पुरुष : रमन राघव आणि त्याच्यावरचे दोन सिनेमे

समोर जे सत्तरी ओलांडलेले श्रोते बसले आहेत, त्यांना रमन राघव हे नाव वेगळं सांगायला नको. १९६८ च्या पावसाळ्यात मुंबईच्या उपनगरांत लोकांनी बाहेर झोपणं सोडलं होतं, काठ्या घेऊन रात्रीचे पहारे सुरू झाले होते. तरुण मंडळींना हे नाव माहीत आहे ते सिनेमामुळे. आज मला बोलायचंय ते या दोन ओळखींमधल्या अंतराबद्दल.

आधी थोडक्यात हकिगत. १९६५-६६ मध्ये मध्य रेल्वेच्या मार्गालगत, म्हणजे पूर्व उपनगरांच्या पट्ट्यात, १९ जणांवर हल्ले झाले. त्यातले ९ जण गेले. सगळे झोपेत, सगळे झोपडीतले किंवा उघड्यावरचे. या माणसाला तेव्हा पोलिसांनी पकडलं होतं, पण पुरावा नव्हता म्हणून सोडून दिलं. १९६८ मध्ये उत्तरेकडच्या उपनगरांत तेच पुन्हा सुरू झालं. २७ ऑगस्टला अॅलेक्स फियालो या उपनिरीक्षकांनी त्याला डोंगरी भागात ओळखलं आणि धरलं. तपासाची सूत्रं रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती, जे पुढे महाराष्ट्राचे पोलीस महासंचालक झाले. अटकेच्या वेळी त्याच्याजवळ काय सापडलं? चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. बस्स. हा त्याचा संसार. दोन दिवस तो काही बोलेना. मग कोंबडीचं जेवण मागितलं, ते मिळालं, केसांना लावायला तेल मिळालं, आणि तो बोलायला लागला.

काय बोलत होता? सत्र न्यायालयानं त्याला फाशी सुनावली. त्यानं अपील करायला नकार दिला. शिक्षा कायम करण्याआधी उच्च न्यायालयानं त्याची मानसिक तपासणी करायला सांगितलं. तीन मानसोपचारतज्ज्ञ त्याला पाच वेळा भेटले, दर वेळी साधारण दोन तास. त्यातून जे बाहेर आलं ते असं : जगं दोन आहेत, एक 'कानून'चं आणि एक हे आपलं. तो स्वतः कानूनचा प्रतिनिधी. देशात तीन सरकारं आहेत, अकबराचं, इंग्रजांचं आणि काँग्रेसचं, आणि तिन्ही त्याच्या मागे लागली आहेत. त्याला बाई बनवायचा त्यांचा डाव आहे. आणि त्यावर त्याचं एकच उत्तर, पुन्हा पुन्हा : मी एकशे एक टक्के पुरुष आहे. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी निरोपाचा हात पुढे केला, तर त्यानं तो घेतला नाही. या दुष्ट जगातल्या माणसांना मी शिवत नाही, म्हणाला.

मला हा न घेतलेला हात त्या हत्यारापेक्षा महत्त्वाचा वाटतो. दहा तास कुणीतरी त्याचं नीट ऐकून घेतलं, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. आणि तोवर फार उशीर झाला होता.

आता सिनेमाकडे येऊ. १९९१ मध्ये श्रीराम राघवन यांनी व्हिडिओवर एक छोटा चित्रपट केला, 'रमन राघव : अ सिटी, अ किलर'. पैसा बेताचा. पण रघुवीर यादव यांनी त्या माणसाला कुठेही मोठा केलेला नाही. किरकोळ अंगाचा, गर्दीत सहज हरवेल असा माणूस दिसतो. आपण त्याला घाबरतो आणि त्याच वेळी तो आपल्याला केविलवाणाही वाटतो. दोन्ही एकदम वाटावं, हे अवघड काम आहे आणि ते जमलंय. त्रुटी आहेतच. नजर तपासाच्या बाजूची आहे. जे मेले ते इथेही आकडाच राहतात. पण शीर्षकात शहर आधी आहे आणि खुनी नंतर, हे मला प्रामाणिक वाटतं.

२०१६ चा अनुराग कश्यप यांचा 'रमन राघव २.०' सुरुवातीलाच सांगतो की ही त्या रमन राघवची गोष्ट नाही. ठीक आहे, दिग्दर्शकाचा तो हक्क आहे. नवाजुद्दीन सिद्दीकी यांचं काम विलक्षण आहे, त्याबद्दल वाद नको. दोन जागा तर अस्सल आहेत. एक, रमन्ना स्वतः येऊन कबुली देतो आणि त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. खऱ्या रमनला साठच्या दशकात एकदा सोडून दिलं होतं, ते आठवल्याशिवाय राहत नाही. दुसरी, तो बहिणीच्या घरी येतो तो भाग. अमृता सुभाष यांच्या चेहऱ्यावर जी भीती आहे, ती परक्याची भीती नाही. घरातलंच माणूस हाताबाहेर गेलंय, याची भीती आहे.

माझी तक्रार पुढे सुरू होते. सिनेमा रमन्नाला एक जोडीदार देतो, विकी कौशल यांचा तो व्यसनी, क्रूर पोलीस अधिकारी. आपण दोघं एकाच जिवाचे दोन तुकडे आहोत, असं रमन्ना म्हणतो, आणि गंमत अशी की पटकथा त्याचं म्हणणं खरं ठरवते! म्हणजे भ्रम हा भ्रम उरत नाही, तत्त्वज्ञान होतो. वेडा तेवढा खरं बोलतो आणि शहाणे ढोंगी, ही आपल्याकडची जुनी, लाडकी कल्पना. ऐकायला छान वाटते. पण ज्यांच्या घरात असा आजार आहे त्यांना विचारा. भ्रम चमकदार नसतो. तो कंटाळवाणा असतो, तेच तेच बोलतो आणि बाहेरचं काही आत येऊ देत नाही. खऱ्या रमनला कुणी जोडीदार नव्हता. सिनेमानं त्याचं एकटेपण काढून घेतलं, आणि तीच तर मूळ गोष्ट होती.

इथे एक तुलना करतो. जर्मनीत डॅनियल पॉल श्रेबर नावाचे एक मोठे न्यायाधीश होते. आपल्याला स्त्री बनवलं जातंय, अशी त्यांचीही पक्की समजूत होती. पण त्यांना घर होतं, पत्नी होती, भाषा होती. त्यांनी १९०३ मध्ये आठवणींचं पुस्तक काढलं आणि १९११ मध्ये फ्रॉइडनं त्यावर निबंध लिहिला. समजूत जवळपास तीच, पण श्रेबरांनी कुणाचा जीव घेतला नाही. मी असं म्हणत नाही की घर असतं तर रमननं खून केले नसते. एवढंच म्हणतो की भ्रम आणि हिंसा यांच्यात सरळ रेघ मारता येत नाही. असे आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणाला इजा करत नाहीत. उलट मार तेच जास्त खातात. 'सायको किलर' हा शब्द आपण ज्या सहजतेनं वापरतो, त्याची किंमत ही माणसं भरतात. स्टेशनच्या पुलावर एकटाच बोलत बसलेला माणूस दिसला की आपण त्याला वळसा घालून जातो, त्यात या सिनेमांचाही थोडा वाटा आहे.

कायद्यालाही हा प्रश्न सोपा गेला नाही. इंग्लंडमध्ये १८४३ साली मॅकनॉटन नावाच्या माणसानं, सत्ताधारी पक्ष आपल्या जिवावर उठलाय या भ्रमातून, पंतप्रधान पील समजून त्यांच्या सचिवाला गोळी घातली. त्यातून जो नियम निघाला तो आपल्याकडे कलम ८४ म्हणून आला. आज तो न्याय संहितेचं कलम २२ आहे. आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, हे त्या माणसाला कळत होतं का, एवढंच तो विचारतो. रमनला आपण मारतोय हे कळत होतं. ते चूक आहे हे कळत नव्हतं, असं बचाव पक्षाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं, पण खालच्या कोर्टानं ते मानलं नाही. अखेर आजार बरा होणारा नाही म्हणून १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली. तो येरवड्यात राहिला आणि १९९५ मध्ये ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या आजारानं गेला. म्हणजे राघवन यांचा चित्रपट आला तेव्हा तो जिवंत होता.

तर माझं म्हणणं इतकंच. खुन्यावर सिनेमा काढू नये, असं मी म्हणणार नाही. पण त्या माणसाला माफी देण्याची गरज नाही, तशीच त्याला प्रेषित करण्याचीही नाही. जे झोपेत मारले गेले, त्यांना एखाद्या सिनेमात नाव आणि चेहरा मिळावा. आणि लसूण, साबण, दोन कंगवे घेऊन फिरणारा तो माणूस जसा होता तसा दिसावा, लहान आणि आजारी. त्यातली भीती यमदूताच्या गोष्टीपेक्षा कमी नाही. फक्त ती पाहून आपल्याला टाळ्या वाजवता येणार नाहीत.